गाडी कुणकुणतेय

सकाळी साडेआठला हजेरीच्या मशीनपुढे उभा राहून मी रोज मी मीच असल्याचं सिद्ध करायला जातो, आणि मशीन रोज ते नाकारतं. वीस वर्षं डिझेल, ग्रीस आणि पॉलिश पेपर यांच्यात काढल्यावर अंगठ्यावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्यात. आतली बाई ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणते. मी अंगठा पँटला पुसतो, त्यानं तो आणखी काळा होतो. मागे रांगेत शोरूममधली कडक इस्त्रीची पोरं घड्याळ बघत उभी. शेवटी ऑफिसनं माझं एकेक बोट लावून पाहिलं, तेव्हा डाव्या हाताची करंगळी पास झाली. सबंध देहात तेवढाच एक अवयव कामचुकार निघाला, आणि पगार त्याच्या नावावर निघतो.

मी डिझेल ट्रकचा टेक्निशियन आहे. पुणे-बेंगळुरू हायवेला, कराडच्या जवळपास, एका डीलरकडे. डीलरशिप म्हणजे एकाच छपराखालचे दोन देश. पुढे काचेचा शोरूम: एसी, हार घातलेली नवी गाडी, पेढे, चावी घेताना मालकाचा सहकुटुंब फोटो. मागे आम्ही: पत्रा, पिट आणि तीच गाडी तीन वर्षांनंतर. कुटुंब तेव्हा सोबत नसतं, आणि मालकही फोटोच्या मनःस्थितीत नसतो.

खिशावरच्या बिल्ल्यावर ‘सीनियर टेक्निशियन’ लिहिलंय. ड्रायव्हर लोक तो वाचत नाहीत, त्यांच्या लेखी मी मिस्त्री. आयटीआयला ‘मेकॅनिक डिझेल’ केलं तेव्हा मीही स्वतःला मिस्त्रीच समजत होतो. लग्न ठरवताना मात्र थोरल्या काकांनी ‘पोरगा ऑटोमोबाईल लायनीत आहे’ असं मोघम सांगून ठेवलं. मुलीकडचे न कळवता बघायला आले, तेव्हा मी एका दहाचाकीच्या गिअरबॉक्सखाली होतो. फोरमननं पाहुण्यांना अदबीनं आणलं आणि मुलगा दाखवला. गुडघ्याखालचे पाय तेवढे बाहेर होते. सासरे अजून चार लोकांत सांगतात, ‘आम्ही पाय बघूनच दिली.’

गाडीखाली पाठीवर पडून जग वेगळं दिसतं, हे मात्र खरं. दिसतं म्हणण्यापेक्षा डोळ्यात पडतं. लाल माती पडली की गाडी कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाऊन आली. काळी चिकट ढेकळं म्हणजे उसाच्या फडात रुतली होती. करडी पूड म्हणजे सिमेंट, आणि कांद्याची टरफलं म्हणजे नगर-नाशिककडची फेरी. मालक फोनवर विचारतो, ‘गाडी कुठं कुठं जाऊन आली, ड्रायव्हर खरं सांगत नाही.’ मी डोळे चोळत गप्प बसतो. ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्यात एवढं सांभाळायला लागतं.

लोकांना वाटतं, आमच्या कामात अवघड ते इंजिन उतरवणं. इंजिन उतरवायला क्रेन असते. अवघड असतं ते ड्रायव्हरचं ऐकणं. कारण जॉब कार्ड भरलं जातं इंग्रजीत आणि गाडीची तक्रार येते मराठीत. आणि आवाजाला मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढे आमच्या स्पेअरच्या रॅकला खण नाहीत.

‘टिकटिक’ म्हटलं की टॅपेट. फिलर गेज घालून वाढलेली फट नीट केली की ते घड्याळ बंद पडतं. ‘कुरकुर’ म्हणजे पाटे, आणि पाट्यांची कुरकुर बहुधा रास्त असते. काट्याच्या पावतीवर किती आणि गाडीत किती, यातला फरक त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसतो. 2018 साली सरकारनं दहाचाकीचं भरल्या गाडीचं वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर नेलं. पाट्यांना ही बातमी नवी नव्हती. गिअर टाकताना एकदाच ‘खट्ट’ झालं तर जॉइंटचा क्रॉस गेला. अ‍ॅक्सिलेटर सोडला की सूर बदलणारं लांबडं ‘घूंऽऽ’ येतं ते मागच्या हाउसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं. सकाळी सेल्फ मारल्या मारल्या ‘चींऽ’ झालं तर पंख्याचा पट्टा. आणि कोणी ‘ठण्, ठण्, ठण्’ म्हणालं की आम्ही लगेच काही बोलत नाही. आधी चहा मागवतो. तो क्रँकच्या बेअरिंगचा आवाज असतो आणि मालकाला तो उभ्यानं सांगायचा नसतो.

‘फुस्स’ची गोष्ट निराळी. नवीन गाडी घेतलेला मालक आठवड्याभरात धापा टाकत येतो, ‘मिस्त्री, ब्रेकची हवा लीक आहे, थांबून थांबून फुस्स करते.’ हवेच्या ब्रेकला टाकी भरली की एअर ड्रायर आतली ओल बाहेर फेकतो, त्याचं ते फुस्स. मी सांगतो, ती उसासा टाकते, टाकू द्या. त्याचं समाधान होत नाही. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूनं उसासे टाकलेले कोणाला आवडणार?

या सगळ्या शब्दभांडाराचं पुढे काय होतं? गेटवर आमचे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर बसतात. मुलगा हुशार आहे, बी. ई. मेकॅनिकल आहे, सदरा पांढरा आहे. ड्रायव्हर त्याच्यापुढे हातवारे करून, गाल फुगवून, टेबलावर बोटं वाजवून पाच मिनिटं आवाज काढतो. अ‍ॅडव्हायझर मन लावून ऐकतो आणि कॉम्प्युटरमध्ये यादीतून एक ओळ निवडतो: ‘अ‍ॅबनॉर्मल नॉईज’. यादीत कुरकुर नाही. टिकटिक नाही. खट्ट, घूं आणि ठण् एकाच चाळणीतून गाळून ‘अ‍ॅबनॉर्मल नॉईज’ होऊन माझ्या बेवर येतात. ‘नॉर्मल नॉईज’ नावाचा पर्याय का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. कंपनीकडे सूचना पाठवतो म्हणाले. मग मी कार्ड बाजूला ठेवतो आणि पिंपळाखाली झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायला जातो, की बाबा, परत एकदा आवाज काढून दाखव.

हे मला उस्तादांनी शिकवलं. आयटीआयनंतर दोन वर्षं मी हायवेवरच्या एका गॅरेजात त्यांच्या हाताखाली होतो. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. ‘तीन नंबरचं नोझल,’ एवढंच म्हणायचे. मी कान लावला की मला सगळीकडून सारखाच धडधडाट यायचा. सहा महिन्यांनी एके दिवशी त्या धडधडाटात एक ठोका अडखळलेला ऐकू आला, आणि मी आनंदानं ओरडलो. उस्ताद म्हणाले, ‘ओरडू नको, आता चौथं ऐक.’

डिझेल इंजिनाचा स्वभावच बोलका. पेट्रोलला ठिणगी द्यावी लागते. डिझेलला नुसतं दाबलं की पेटतं. सिलिंडरातली हवा सोळा-सतरा पट दाबायची, ती तापून लाल होण्याच्या बेताला येते, मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. दाबलं की भडकायचं, हा गुण आमच्या वर्क्स मॅनेजरनीही घेतलाय. ही युक्ती काढणारे रुडॉल्फ डिझेल. 1897 साली त्यांचं इंजिन नीट चाललं आणि 1913 च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना ते रात्रीतून बोटीवरून नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. आत्महत्या, खून, कर्ज, हेर, अशा पुष्कळ तर्कवितर्कांचं त्यावर पीक आलं. मला वाटतं, बोटीवर एखादा ट्रकमालक भेटला असेल आणि त्यानं विचारलं असेल, ‘साहेब, गाडी कधी मिळंल?’

आता स्क्रू ड्रायव्हरच्या जागी लॅपटॉप आलाय. केबिनमधल्या सॉकेटला वायर जोडली की गाडी आकड्यांत बोलते. प्रत्येक दुखण्याचे दोन आकडे: एसपीएन म्हणजे कुठे दुखतंय, एफएमआय म्हणजे कसं दुखतंय. एवढं स्पष्ट बोलणारा पेशंट डॉक्टरांच्याही नशिबात नसतो. पण गाडी सांगते ती सेन्सर बसवलेल्या जागेचंच. पाट्याला सेन्सर नाही, बुशाला नाही, क्रॉसला नाही. ड्रायव्हर ज्यांच्या नावानं रडतो, नेमकं त्यांच्याबद्दल लॅपटॉपचं मौन. तरी खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो. पान्यांच्या, गोट्यांच्या, जॅकच्या मांडणीत मधोमध लॅपटॉप, त्याला झेंडूचा हार. गेल्या वर्षी नव्या पोरानं भक्तिभावानं हळद-कुंकू थेट कीबोर्डवर वाहिलं. तेव्हापासून ‘एन्टर’ दाबलं की एकदम तीनदा दबतं.

लॅपटॉपशिवाय भागत नाही, हेही कबूल करायला हवं, आणि त्याला कारण यूरिया. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. मधलं बीएस-5 आपण गाळलंच, वर्ग ओलांडून पास व्हावं तसं. गाडीच्या डिझेल टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक धाकटी टाकी आली. तिच्यात डीईएफ भरायचं: शुद्ध यूरिया 32.5 टक्के, बाकी क्षार काढलेलं पाणी. सायलेन्सरच्या वाटेवर ते फवारलं जातं, गरमीनं त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा तो साधा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. आम्हाला हे ट्रेनिंगला तीन दिवस शिकवलं. ड्रायव्हर लोकांनी तीन अक्षरांत संपवलं: यूरिया. घोळ झाला तो तिथेच. ऊसपट्ट्यातल्या माणसाला यूरियाची बादली विकत आण म्हणणं म्हणजे गोठ्यात म्हैस असताना पिशवीचं दूध आणायला सांगणं.

एक आबा आहेत. चार गाड्या, आठ एकर ऊस. त्यांची गाडी आली ती वीसच्या स्पीडनं, मागे वाहनांची वरात घेऊन. यूरियाच्या पाण्यात गडबड दिसली की गाडी आधी दिवा लावते, मग ताकद कमी करते. तरी ऐकलं नाही तर अशी रांगायला लागते. फवाऱ्याचं नोझल काढलं तर तोंडाशी पांढराशुभ्र बत्तासा. टाकीचं झाकण उघडलं तर आतून कडुलिंबाचा वास.

‘आबा, यात काय घातलंत?’

‘यूरिया.’

‘कुठला?’

‘सोसायटीतला. पंचेचाळीस किलोचं पोतं हुतं घरात. दोन पाट्या टाकल्या, हिरीचं पाणी घातलं, काठीनं हलवलं.’

‘तो शेताचा यूरिया, आबा. निमकोटेड असतो. कडुलिंबाचं तेल लावलेलं असतं त्याला.’

‘मंग चांगलंच की! आतली कीड बी मरंल.’

टाकी धुतली, पाइप बदलले, नोझल बदललं, फिल्टर बदलला. आबांनी बिल चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून परत वाचलं. म्हणाले, ‘मिस्त्री, ह्येच पोतं उसाला घातलं तर ऊस डुलतोय. गाडीला घातलं तर गाडी पांगुळली. म्हंजे खोट यूरियात हाय का गाडीत?’ मी लॅपटॉपकडे बघितलं. त्यात या प्रश्नाचा कोड नव्हता.

पण सांगायची होती ती म्हसवडच्या मामांची गोष्ट. मामांची गाडी जुनी, बीएस-4. पुण्याहून माल भरून कोल्हापूरकडे जाणारी. मागच्या फळीवर पूर्वी ‘हॉर्न ओके प्लीज’ होतं. 2015 साली महाराष्ट्रात ते लिहायला बंदी आली तेव्हा मामांनी ‘हॉर्न’ तेवढं रंगानं झाकलं. बंदी हॉर्नला असणार, ओके प्लीजनं कोणाचं काय बिघडवलंय, असा त्यांचा हिशोब. आता मागून येणाऱ्याला फक्त ‘ओके प्लीज’ दिसतं, आणि तो काय समजायचं ते समजतो.

मामा म्हणाले, ‘मिस्त्री, गाडी कुणकुणतीया.’

कुणकुण मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माणसाला कुणकुण लागते. गाडीनं कुणकुणणं नवीन होतं. कार्डावर अर्थात ‘अ‍ॅबनॉर्मल नॉईज’. लॅपटॉप जोडला, एकही कोड नाही. रिकामी गाडी घेऊन पाच किलोमीटर ट्रायल मारली. मामा शेजारी कान टवकारून. आवाज नाही. गेटमधून बाहेर पडताना मामांचा चेहरा उजळ होता, आत येताना पडला होता. ‘आत्ता गप बसलीय लबाड,’ म्हणाले. कार्ड ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून बंद केलं. पंधरा दिवसांनी परत आले. परत तेच. अ‍ॅडव्हायझर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, ‘मामांचे कान तपासायला पाहिजेत.’

तिसऱ्यांदा आले तेव्हा मी कार्ड वाचलंच नाही. दोन कटिंग मागवले आणि मामांपुढे उकिडवा बसलो.

‘मामा, कधी कुणकुणते?’

‘भरलेली असली की. रिकामी न्हाई करत.’

‘कुठं?’

‘खंबाटकीला. चढाला. तिसऱ्या गेरला दम भरती न्हवं, तवा. वर पोचली की गप.’

‘धूर?’

‘जरा काळा मारती. आणि वढ बी कमी झालीया. पर ते वयामुळं आसंल.’

‘कुणाच्या?’

‘माझ्या.’

भरलेली गाडी, चढ, टर्बो जोर करतो तेवढाच वेळ, धूर काळा, ओढ कमी. मामांनी सगळं पहिल्याच दिवशी एका शब्दात सांगितलं होतं. तो शब्द यादीत नसल्यामुळे आम्ही महिनाभर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवत होतो. टर्बो जी दाबलेली हवा इंजिनाला पाठवतो ती मध्येच कुठेतरी निसटत होती. दाब असेल तेव्हाच निसटणार, म्हणून वर्कशॉपात मूग गिळून बसत होती.

गाडी पिटवर घेतली. इंटरकूलरच्या पाइपांची दोन्ही तोंडं बंद केली, आत बेताची हवा सोडली. पाण्याच्या बाटलीत कपडे धुण्याची पावडर कालवून तिचा फेस ब्रशनं प्रत्येक जोडावर लावत गेलो. वरचा जोड, काही नाही. खालचा, नाही. डाव्या बाजूच्या रबरी होजला क्लॅम्पच्या पोटाशी ब्रश लागला आणि फेसातून द्राक्षाएवढा एक फुगा हळूच वर आला, थरथरला, फुटला. त्याच्यामागे दुसरा. बोटानं चाचपलं तर नखाएवढी चीर, वरून न दिसणारी. हवा थोडी वाढवली आणि त्या चिरेतून बारीक, नाकात बोलल्यासारखा, झोपेतल्या पोरासारखा सूर निघाला. त्याला दुसरा शब्दच नव्हता. कुणकुण.

बाहेर पिंपळाखाली मामांना डुलकी लागली होती. ते धोतर सावरत पळत आले. ‘हीच! हीच ती!’ सगळा वर्कशॉप जमा झाला. मामा प्रत्येकाला होजजवळ वाकवून ऐकवत होते, पहिलं नातवंड दाखवावं तसे. अ‍ॅडव्हायझरलाही त्यांनी पांढऱ्या सदऱ्यासकट पिटमध्ये उतरवलं.

नवा होज टाकला, क्लॅम्प आवळला. अर्ध्या तासाचं काम. बिल बघून मामांना वाटलं, काहीतरी लिहायचं राहिलंय. जाताना मी हात जोडून सांगितलं, ‘मामा, तीन दिवसांत कंपनीचा फोन येईल. दहापैकी किती गुण विचारतील. दहाच सांगा.’ कारण कंपनीच्या गणितात आठ म्हणजे काठावरही पास नाही. बोर्डाच्या परीक्षेत पस्तिसाला पेढे वाटलेल्या माणसांना हे पटवणं फार अवघड जातं.

फोन आला. नंतर मामांनीच मला सगळं सांगितलं, मोठ्या कौतुकानं. पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती. तिनं विचारलं, ‘सर, गाडीची काही तक्रार?’ मामांना आमची स्तुती करायची होती. ते म्हणाले, ‘छ्या! आता गाडी बोलतच न्हाई बगा.’ मुलीनं विचारलं, ‘बोलत नाही म्हणजे, आवाज येत नाही का सर?’ मामा अभिमानानं म्हणाले, ‘आजिबात न्हाई! गप म्हंजे गप!’ तिनं टाइप केल्याचं मामांना ऐकू आलं. गुण विचारले. मामांनी सात दिले. ‘सात म्हंजे फर्स्ट क्लासच्या बी वर झालं न्हवं, मिस्त्री?’

सोमवारी माझ्या बेवर नवीन कार्ड. गाडी मामांची. तक्रार: ‘हॉर्न नॉट वर्किंग’. खाली लाल अक्षरात ‘रिपीट कम्प्लेंट’ आणि टेक्निशियनच्या रकान्यात माझं नाव. मी मामांना फोन लावला. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उत्तरादाखल हॉर्न दाबून फोन त्याच्यासमोर धरला. माझा उजवा कान संध्याकाळपर्यंत वाजत होता. पण सिस्टिमला कानाचा पुरावा चालत नाही; गाडी आत आल्याशिवाय, नंबर चढवल्याशिवाय कार्ड बंद होत नाही.

शनिवारी मामा पुण्याचा माल टाकून परतताना वळून आले. गाडी सरळ अ‍ॅडव्हायझरच्या काचेच्या केबिनसमोर लावली, केबिनमधून उतरायचीही तसदी न घेता दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. काचा थरथरल्या. शोरूमकडचं एक लहान पोरगं पेढा हातात धरून रडायला लागलं. अ‍ॅडव्हायझरनं एका हातानं कान झाकला, दुसऱ्यानं हॉर्नचं कार्ड बंद केलं आणि त्याच गाडीवर नवीन कार्ड उघडून यादीतून एक ओळ निवडली. अ‍ॅबनॉर्मल नॉईज.